कथकनंतर बॅले: पॉइंटची तयारी कशी करू? (नाशिक)

घुंगरूवाली:
नमस्कार मंडळी. मी इंदिरानगरला राहते, वय 26, कथक विशारद. लहान मुलींचे कथकचे वर्ग घेते. दोन वर्षांपासून गंगापूर रोडला बॅलेही शिकते आहे, आठवड्यातून दोनदा. आता मला पॉइंटवर, म्हणजे खास कडक शूज घालून पायाच्या बोटांच्या टोकांवर, नाचायचंय. फोटोपुरतं नको, नीट शिकून करायचंय.

बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "घोटे अजून तयार नाहीत, थांब." शनिवारी वर्गात इतकी चिल्लीपिल्ली असतात की पुढचं विचारायला सवडच मिळत नाही. माझं कोडं असं आहे: द्रुत तत्कार (कथकमधलं जलद पायकाम) मी दम न लागता बराच वेळ करू शकते, पोटऱ्या चांगल्या मजबूत आहेत. पण एका पायावर चवड्यावर उभं राहून टाच वर-खाली करायला लागले की थोड्याच वेळात घोटा करंगळीच्या बाजूला कलंडतो. पंजा ताणून धरला की तळव्यात गोळा येतो, डाव्या पायात जास्त. इतकी वर्षं पायांवर मेहनत घेतली, ती ताकद इथे का येत नाही?

शिवाय, घरी व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, त्यावर सराव चालेल का? शूज ऑनलाइन मागवावेत का? आणि 26 म्हणजे उशीर झाला का, हे स्पष्ट सांगा.

रेलेव्हे:
तुला 'तू' म्हणते, माझ्या बऱ्याच विद्यार्थिनी तुझ्याच वयाच्या होत्या. मुंबईत बॅले शिकले, शिकवलं, आता नाशिकरोडला असते.

उशीर अजिबात झालेला नाही. लहान मुलींच्या बाबतीत पावलाची हाडं वाढत असतात ही मोठी काळजी असते, तुला ती नाही. तुझ्या वयात प्रश्न येतो तो घोटा किती उघडतो याचा. पाय समोर लांब करून जमिनीवर बस, पंजा पूर्ण ताण. आता पावलाच्या वरच्या अंगाला, घोट्याच्या लगत, पायाच्या लांबीत एक पट्टी ठेव. ती नडगीच्या टोकाला न अडता सरळ वर गेली तर कोन पुरेसा आहे. अडली तर पॉइंटवर उभी राहिल्यावर तुझं वजन बॉक्सच्या, म्हणजे शूजच्या पुढच्या कडक भागाच्या, टोकावर नीट येणारच नाही. मग तोल सांभाळायला शरीर गुडघा वाकवतं, नाहीतर बोटं मुडपतं. दोन्ही वाईट.

आता तुझं कोडं. तत्कारात तळवा सपाट पडतो, जोर मांडी-गुडघ्यातून खाली येतो आणि घोट्याला पूर्ण ताणलेल्या अवस्थेत कधी उभं राहावं लागत नाही. चक्करसुद्धा तू टाचेवर घेतेस, बॅलेत चवड्यावर घ्यावी लागते. त्यामुळे पोटरी तयार झाली, पण नडगीच्या बाहेरच्या अंगाने उतरून घोट्याला धरणारे स्नायू आणि तळव्यातले बारीक स्नायू मागे राहिले. करंगळीकडे कलंडणं म्हणजे तेच. चवड्यावर असताना ते निभावतं, पॉइंटवर घोटा मुरगळतो. तुझ्या बाईंनी थांबवलं ते शंभर टक्के बरोबर केलं. त्यांच्यावर विश्वास ठेव.

कथकने दिलेलंही खूप आहे बरं का. चक्कर घेताना नजर एका जागी रोखून मान शेवटी झटक्यात फिरवायची सवय तुला आहे. ती इतरांना शिकवायला आम्हाला महिनेच्या महिने लागतात.

एक समजून घे, शूज तुला वर उचलत नाहीत. 1832 साली पॅरिसमध्ये मारी ताल्योनी पॉइंटवर नाचली तेव्हा तिच्या पायात साटीनच्या मऊ सपाता होत्या, टोकाशी आणि कडेने रफू करून जरा घट्ट केलेल्या. आजच्या शूजमध्ये बोटांभोवती कापड-कागदाचे थर खळीने चिकटवून कडक केलेला बॉक्स असतो आणि तळव्याखाली शँक, म्हणजे आधाराची कडक पट्टी. त्यांचा आधार मोठा आहे, पण पोटापासून घोट्यापर्यंत स्वतःला वर ओढून धरायचं काम तुझंच. म्हणून सगळी तयारी मऊ शूजमध्येच होते.

घरी हे कर. भिंतीकडे तोंड करून उभी राहा, दोन्ही टाचांच्या मध्ये, घोट्याच्या जरा खाली टेनिसचा चेंडू धर. मोबाइलवर तीनतालाचा ठेका लाव, मध्य लयीत. चार मात्रांत चवड्यांवर वर, चार मात्रा तिथेच, उरलेल्या आठ मात्रांत खाली. उतरण सावकाश हवी, खरी ताकद तिथेच येते. घोटे बाहेर कलंडले की चेंडू पडतो, आरसाही लागत नाही. वजन अंगठा आणि शेजारच्या बोटावर हवं. जमायला लागलं की चेंडू काढून एकेका पायावर. गुडघा सरळ ठेवून, न डगमगता सलग 20 झाले पाहिजेत, डाव्यानेही.

मग विमान. एका पायावर उभं राहून धड पुढे, दुसरा पाय मागे, दोन्ही जमिनीला समांतर. उभ्या पायाचा गुडघा वाकवून हातांची बोटं जमिनीला टेकव आणि वर ये. पाचपैकी चार वेळा गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे, कंबर एकीकडे पडता कामा नये. एका पायावर 16 उड्यांची चाचणीही असते, त्यातल्या निदान 8 स्वच्छ हव्यात. पण ती घरच्या टाइल्सवर करू नकोस.

पोटरी_आणि_पाठ:
मी फिजिओथेरपिस्ट, कॉलेज रोडला. वरचं सगळं पटलं, दोनच गोष्टींची भर घालते.

तळव्यात गोळा येतो तेव्हा बहुतेक जणी पायाने टॉवेल गोळा करायचा व्यायाम करतात. त्यात बोटं मुडपणारे लांब स्नायूच जास्त काम करतात आणि पॉइंटला बोटं मुडपलेली अजिबात नकोत. त्याऐवजी तळवा जमिनीवर टेकवा, बोटं लांब आणि सैल ठेवा आणि चवडा टाचेकडे ओढत कमान वर उचला. बोटांची नखं पांढरी पडली तर बोटं जमीन पकडताहेत असं समजा. सुरुवातीला जमतच नाही, पाऊल हललेलंही दिसत नाही. हाताच्या बोटाने कमानीखाली स्पर्श करून बघा, स्नायू घट्ट झालेला कळतो.

दुसरं, पंजा ताणताना घोट्याच्या मागे, टाचेच्या वर चिमटा बसल्यासारखं दुखलं तर ताणणं थांबवा. काही जणांना तिथे एक जास्तीचं छोटं हाड असतं, ते दाबलं जातं. सोफ्याखाली पंजा अडकवून किंवा कुणाला पायावर बसवून कोन वाढवायचे व्हिडिओ फिरतात. कृपा करून तसलं काही करू नका. हाडाला हाड लागत असेल तर जोर देऊन काहीच वाढत नाही, इजा मात्र होते.

सिडकोची_आई:
मध्येच विचारते, क्षमस्व. माझी मुलगी 9 वर्षांची, वर्षभर बॅलेला जाते. वाढदिवसाला पॉइंट शूजच हवेत म्हणून हटून बसली आहे. घरात नुसते घालून बघायला दिले तर काय हरकत?

रेलेव्हे:
हरकत आहे हो, नका देऊ. घातले की ती उभी राहणारच. नृत्य-वैद्यकाची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिच्या मार्गदर्शनात 12 वर्षांच्या आत पॉइंट नको असं आहे. आठव्या वर्षी किंवा नंतर सुरुवात करून आठवड्यातून दोनदा शिकणाऱ्या मुलीला चौथ्या वर्षी पॉइंट, तेही बाकी सगळं ठीक असेल तर. आणि 12 पूर्ण झाले म्हणजे आपोआप परवानगी असंही नाही. वाढदिवसाला चांगले मऊ शूज आणि रंगीत रेझिस्टन्स बँड द्या, तिच्या बाई त्याचे व्यायाम शिकवतील.

घुंगरूवाली:
दोघींचे मनापासून आभार. पट्टी उजव्या पायाला सरळ गेली, डाव्याला किंचित अडते. विमान जमलं. चेंडू मात्र डाव्या बाजूने घसरतोच. कमानीचा व्यायाम करताना नखं पांढरीफटक. म्हणजे काम कुठे आहे ते आता दिसतंय! फरशी आणि शूजचं तेवढं सांगा.

रेलेव्हे:
डावा पाय आधी, मग उजवा, आणि दमलेला डावा पुन्हा एकदा. फिजिओताईंकडे डावा घोटा दाखवूनच घे.

चवड्यांवर वर-खाली टाइल्सवर चालेल, पायाखाली योगा मॅट नको, तोल बिघडतो. उड्या आणि पुढे पॉइंट टाइल्स-ग्रॅनाइटवर मुळीच नाही. कडक असतात आणि साटीन सटकतं. खालून पोकळ अशी लाकडी जमीन हवी. लाकडी कोर्ट असलेल्या एखाद्या बॅडमिंटन हॉलमध्ये सकाळच्या बॅचच्या आधी तासभर मिळतो का ते विचार.

शूज ऑनलाइन नको, पहिला जोड तर नाहीच. पॉइंट शूजमध्ये वाढीव जागा ठेवत नाहीत. सपाट उभं राहिल्यावर बोटं टोकाला टेकली पाहिजेत पण मुडपता कामा नयेत, बाजूंनी बॉक्सने घट्ट धरायला हवं, आणि पॉइंटवर गेल्यावर टाचेशी चिमटीत येईल एवढंच कापड सुटावं. रुंदी, बोटांची लांबी, शँकचा कडकपणा, सगळं पायागणिक बदलतं. बाई हो म्हणाल्या की सकाळच्या पंचवटीने मुंबईला जा आणि फिटिंग दुपारनंतरच कर, दिवसभरात पाय थोडे सुजतात. नंतर आपल्याकडच्या पावसाळ्यात शूज प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नकोस, घामाने आणि दमटपणाने खळ मऊ पडते. वर्ग झाला की पंख्याखाली मोकळे वाळू दे.

आणि रिबिनी शिवायची घाई करू नकोस. न शिवलेले शूज आधी बाईंना पायात घालून दाखव. एकदा सुई लागली की दुकानदार बदलून देत नाही.