अक्षर आलंय 'ण'! तुमच्या नावाची गोष्ट सांगा (अनुभव धागा)

भावाला मुलगी झाली, रविवारी मानेवाड्याला बारसं. हस्त नक्षत्र, तिसरं चरण, गुरुजींनी कागदावर अक्षर लिहून दिलं 'ण'. आता ण वरून काय नाव ठेवता बाप्पा! हस्ताला पू, ष, ण, ठ अशी चार अक्षरं असतात म्हणे, म्हणजे पोट्टी सात-आठ तास आधी आली असती तर पूर्वा-पूजा काहीतरी जमलं असतं. गुरुजी म्हणाले ते जन्मनाव पत्रिकेपुरतं, हाक मारायला काहीही ठेवा. झालं, तेव्हापासून घरच्या ग्रुपवर नुसता पाऊस पडून राह्यला नावांचा आणि एकाचं दुसऱ्याला पटत नाही.

या गोंधळात आजी आठवली. तिचं नाव धोंडाबाई. तिच्या आधीची तीन लेकरं गेली होती, मग हिच्यावर यमाची नजर पडू नये म्हणून धोंडा. ८६ वर्षं जगली, म्हणजे नाव कामी आलं म्हणायचं. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं लक्ष्मी लिहिलं, पण विहिरीवर कोणी "लक्ष्मे" म्हणून हाक मारली तर ही वळायचीच नाही, आपल्याला बोलावून राह्यले हे तिच्या लक्षातच यायचं नाही.

तर मंडळी, तुमचं किंवा घरातल्या कोणाचंही नाव कसं पडलं ते लिहा. गुगलवरचे अर्थ नको, घरातली गोष्ट पाहिजे.

*तर्रीपोहे, इंदोरा*

आमच्याकडे नावांचे दोनच काळ, ५६ च्या आधीचा आणि नंतरचा. आजोबा कचरू. मिलच्या हजेरीत कचरू, पगारही कचरूच्या नावानं. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसमोर जी गर्दी होती त्यात ते होते, बावीस वर्षांचे. स्वतःचं नाव नाही बदललं त्यांनी, म्हणायचे आता मिलमध्ये कोणाकोणाला सांगत बसू, पण लेकरांची नावं सिद्धार्थ, राहुल, सुजाता आणि धाकटी संघमित्रा. आमच्या गल्लीत सिद्धार्थ म्हणून हाक मारली तर चार जण यायचे, म्हणून एक लंबा सिद्धार्थ, एक पोस्टवाला सिद्धार्थ, असं करावं लागे.

पण सांगायचं ते वेगळंच. संध्याकाळ झाली की आजोबा अंगणात उभं राहून आत्याला हाक मारायचे, पूर्ण, संघमित्रा. कधी संघी नाही की मित्रा नाही. शेजारच्या काकूनं एकदा संघे म्हटलं तर इतके भडकले की दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. आम्हाला हसू यायचं, एवढं काय त्यात. नंतर बाबांनी सांगितलं, गावात आजोबांच्या वडिलांचं नाव रामजी होतं आणि मरेपर्यंत पाटलाच्या पोरानंही त्यांना राम्याच म्हटलं.

*संत्राबर्फी*

तर्रीपोहे, हे वाचून थोडा वेळ काही टाईपच करता नाही आलं.

माझं त्यामानानं साधं आहे. आडनावाच्या शेवटी 'वार' आहे आणि लग्न करून पुण्यात आले, तर ऑफिसात पहिल्या दिवसापासून "सोमवार की मंगळवार" चालू. अरे बाबांनो, ते तेलुगूतलं वारु आहे, मान देऊन बोलायचं, आपल्या 'राव'सारखं. चंद्रपूर-यवतमाळकडे दर दुसरं दुकान असल्या आडनावाचं, आपले एक मुख्यमंत्रीसुद्धा होते, मारोतराव कन्नमवार. पुण्याच्या लोकांना कर सोडून काही माहीतच नसते.

*मोहाचंझाड, मूळ गडचिरोली, आता सक्करदरा*

वारावरून आठवलं. आम्ही गोंड. बाबांचं नाव शुक्रू कारण शुक्रवारचे, काका मंगरू, मोठे बाबा बुधा. आमच्याकडे आडनाव सांगितलं की समोरचा पहिले विचारते किती देवाचे, सहा का सात, तिथंच समजते सोयरीक होते का नाही. म्हणजे आडनाव महत्त्वाचं, नावाचं काही टेन्शनच नाही, जो वार तो पोरगा. पण नागपूरच्या शाळेत हजेरीला वडिलांचं नाव घेतलं की पोट्टे हसायचे. मी फॉर्मवर शुक्राचार्य लिहून टाकलं होतं एकदा, बाबांनी पाह्यलं, बोलले काही नाही.

मग एमपीएससीचा अभ्यास करताना समजलं की युनोचे जे सरचिटणीस होते कोफी अन्नान, ते घानाचे, आणि तिथले अकान लोक शुक्रवारी झालेल्या पोराचं नाव कोफी ठेवतात. म्हणजे शुक्रूच न! पळतच गेलो घरी सांगायले. बाबा बिडी पेटवत होते, पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याले नाही हसत काय कोणी?"

*सावजीकमीतिखट*

😂 शुक्रूबाबांना नमस्कार सांगा.

आम्ही तमिळ पण तीन पिढ्या नागपुरात, घरातसुद्धा अर्धं मराठीच चालते. आमच्यात आडनावच नसते, वडिलांचं नाव पुढे लावायचं. विश्वनाथन आनंदला नाही का सगळे विश्वनाथन म्हणत, ते त्याच्या वडिलांचं नाव आहे! माझंही तसंच झालं, ऑनलाइन फॉर्म आडनावाची जागा रिकामी ठेवूच देत नाही, टाकलं बाबांचं नाव, नारायणन. आता ऑफिसात पोरं "ए नारायणन, चहा पितो का बे" करतात आणि घरी फोन स्पीकरवर असला की बाबा दचकतात.

*एकटाकावाचक*

पहिल्यांदाच लिहून राह्यली, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या मावशीचं नाव नकोशा. पाचवी मुलगी. साताऱ्यात २०११ ला समारंभ करून २८५ नकोशींची नावं बदलली, ती बातमी आईनं तिला मोठ्यानं वाचून दाखवली, म्हटलं तू पण बदल, गॅझेटमध्ये होते. मावशी म्हणे आता साठीला कशाला, पण मग आपणच विचारलं, कोणतं ठेवू. आम्ही बहिणींनी खूप सुचवले. शेवटी बदललं नाहीच, पण मागच्या साली नातीचा जन्मदाखला आला, १ मे २०२४ नंतरच्या लेकरांना वडिलांच्या आधी आईचं नाव लागते न आता, तर त्या कागदावर आपल्या मुलीच्या नावावर बोट ठेवून बसली होती कितीतरी वेळ.

*धागाकर्ती*

उशीर झाला, पाहुणे कालच गेले. बारसं मस्त झालं. गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं, पत्रिकेत गुरुजींनी णमिता लिहिलंय (ते कधी कोणी उच्चारणार नाही), आणि हाक मारायचं नाव मैत्रेयी. तर्रीपोहेंच्या आजोबांमुळे मी आधीच सांगून ठेवलं, मैतू बिल्कुल नाही म्हणायचं. वहिनी दुसऱ्याच दिवशी म्हणाली.

आत्या म्हणून कुर्र करायचा मान माझा. वाकले, कानाशी गेले, मागून पाठीवर धपाटे सुरूच होते बायांचे आणि सगळ्या ओरडत होत्या. त्या गडबडीत आधी हळूच धोंडाबाई म्हणून घेतलं. मग मैत्रेयी.