विश्रामबागेतील फ्लॅट, बँकेचा हप्ता आणि मोमोची प्लेट

ब-३०२ : सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा जो दोन बेडरूमचा फ्लॅट विक्रीस आहे, त्याची चौकशी माझ्या भाच्याने केली आहे. दोघे नवराबायको पुण्यात भाड्याने राहतात आणि आता दोघांनाही घरून काम करण्याची मुभा मिळाली आहे. भाचेसून मूळची दार्जिलिंगची. तिने मला दोनच प्रश्न विचारले : घर घेतल्यानंतर हातात काय उरेल, आणि सांगलीत तिच्या चवीचे काही खायला मिळेल का. जाणकारांनी कृपया दोन्हींची उत्तरे द्यावीत, कारण बाहेरच्या खाण्यात माझी धाव भडंगापलीकडे नाही.

अ-१०४ (निवृत्त बँक अधिकारी) : वहिनी, हिशेब मांडून देतो. मालक काय किंमत सांगतील ते सांगोत, उदाहरणापुरते ४० लाख धरू. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते, म्हणजे ३२ लाख. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरल्यास महिन्याचा हप्ता सुमारे २७,७७० रुपये बसतो. पुण्यात तशाच घराला ६० लाख मोजावे लागले, तर ४८ लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे ४१,६५० रुपये होईल. दोन्हींमधील जवळजवळ चौदा हजार रुपयांचा फरक दर महिन्याला घरात राहतो, आणि त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर तेच आहे.

मात्र मुले बहुधा हप्त्याचाच विचार करतात आणि सुरुवातीच्या रोख रकमेशी अडखळतात. आपल्या महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ४० लाखांवर २ लाख ४० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. हा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. त्यामुळे स्वतःचे आठ लाख आणि वर हे दोन लाख सत्तर हजार, असे पावणेअकरा लाखांच्या आसपास आधी तयार हवेत. खरेदीखत केवळ भाचेसुनेच्या नावावर केल्यास शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळून ४० हजार वाचतात; नवऱ्याचेही नाव जोडले की ती सवलत जाते. घर जुने असल्याने जीएसटीचा प्रश्न येत नाही. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला दर व्यवहाराच्या किमतीपेक्षा अधिक असेल, तर शुल्क त्या दराने भरावे लागते, हेही त्यांना आधीच सांगावे.

क-२०१ : साहेब, हिशेब पटला, परंतु पुण्यातील घराची किंमत जशी वाढते तशी येथे वाढेल काय? शिवाय गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीत, याहून स्वस्त घरे आहेत, तीही त्यांनी पाहावीत.

अ-१०४ : काका, राहण्यासाठी घर घेणाऱ्याने विक्रीच्या भावाची चिंता कितपत करावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. माझ्या मते फार करू नये. गावभागाबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. या पूररेषांचा नकाशा पाहिल्याशिवाय स्वस्त घराचे बयाणे देऊ नये.

अ-४०३ : खाण्याचे मी सांगते, कारण आमच्याकडे दर रविवारी याच विषयावर वाद होतो. वहिनी, कॉलेजच्या बाजूला गाड्यांवर वाफवलेले मोमो मिळतात, पण भाचेसुनेला पहिल्या घासालाच फरक जाणवेल. येथे सोबत मेयोनीज देतात; तिच्याकडे टोमॅटो, तीळ आणि डल्ले खुर्सानी या गोल, जहाल मिरचीची चटणी असते. ती मिरची आपल्या मंडईत दिसत नाही. ब्याडगीने रंग येतो, पण तिखटपणा येत नाही. म्हणून मी तिखट संकेश्वरी मिरची वापरून पाहिली आणि चटणी चांगली झाली. बाकी कोबी, पातीचा कांदा, साताऱ्याकडचे आले हे सर्व येथे ताजे मिळते. थुक्पा, म्हणजे त्यांच्याकडचे नूडल्सचे सूप, तिला घरीच करावा लागेल. मंचुरियनला मात्र तिने चिनी म्हणू नये, तो मुंबईत जन्मलेला पदार्थ आहे, आणि आपल्या गाड्यांवर तर तो पुरता सांगलीकर झाला आहे. एखाद्या रविवारी तिला महामार्गावरच्या ढाब्यावर अख्खा मसूर आणि रोटी खायला घेऊन जा. डाळ-भातात वाढलेल्या मुलीला तो आवडेल असे मला वाटते.

यात एक गोष्ट घराच्या हिशेबाशी जोडलेली आहे. गाड्यावरची प्लेट स्वस्त असते ती भाजी आणि मैदा स्वस्त असतो एवढ्यामुळेच नव्हे, तर विकणाऱ्याच्या जागेचे आणि राहत्या खोलीचे भाडे अजून आवाक्यात आहे म्हणूनही. विश्रामबागेत जागांचे भाव चढत गेले, तर हप्ता भरणारे आपण कसेबसे टिकू. चाळीस-पन्नास रुपयांना खाऊ घालणारा माणूस आधी जाईल.

ब-१०१ : ताई, मुद्दा योग्य आहे. म्हणूनच तळमजल्यावरचा गाळा नूडल्स-मोमोसाठी भाड्याने मागणाऱ्या दांपत्याला आपण सरसकट नकार देऊ नये. माझा आक्षेप धुराला आहे, पदार्थांना नाही. आमची खिडकी नेमकी त्या गाळ्याच्या वर येते.

सचिव : मोमो वाफेवर होतात, परंतु नूडल्सची कढई मोठ्या आचेवर चालते, त्यामुळे ब-१०१ यांची तक्रार रास्त आहे. धुराडे गच्चीच्या वर नेण्याची आणि ओला कचरा रोज उचलण्याची लेखी अट घालून हा विषय पुढील सभेत मंजुरीसाठी ठेवतो. फ्लॅटबाबत, हस्तांतरण अधिमूल्य (फ्लॅट दुसऱ्याच्या नावे करताना सोसायटी घेते ती रक्कम) २५ हजारांपेक्षा अधिक घेता येत नाही आणि आपली सोसायटी तसे घेणारही नाही. वहिनी, भाच्याला येताना मालकाकडून मूळ खरेदीखत, भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि चालू वर्षाची घरपट्टी पाहून यायला सांगावे. थकबाकी नसल्याचा दाखला मी देईन.