टाकीचं झाकण, बूच आणि नोझल: तुमचे अनुभव लिहा

गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, एअरबॅगा मोजतो, डिकीत किती बॅगा बसतील ते पाहतो. टाकीचं तोंड कुठल्या बाजूला आहे, झाकण कसं उघडतं, आतलं बूच काढून ठेवायला जागा आहे का, हे शोरूममध्ये कुणी विचारत नाही. पुढे गाडी असेपर्यंत दर आठ-पंधरा दिवसांनी त्याच्याशीच गाठ पडते.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे इंधन भरायला दोन माणसं लागतात. आत बसलेला चालक खटका ओढतो आणि बाहेर पंपावरचा मुलगा बूच फिरवतो. त्या मुलाच्या हाताखालून दिवसभर गाड्याच गाड्या जातात, प्रत्येकीची तऱ्हा निराळी. एकाच माणसाने उतरावं, उघडावं, भरावं आणि बंद करावं, असं धरून आखलेली झाकणं इथे आली की मधल्यामधे गोष्टी निसटतात.

माझ्याच गाडीचं सांगतो. बुचाला प्लॅस्टिकची दोरी आहे, पण ते अडकवायला झाकणाच्या आत आकडा नाही. बूच काढलं की दोरीवर लोंबकळतं, पत्र्यावर आपटतं आणि आट्यांवरचं पेट्रोल थेंबाथेंबाने रंगावरून खाली उतरतं. तिथे आता पिवळसर ओघळ कायमचा बसला आहे. दोरी तुटलेली असली तर मुलं बूच पंपाच्या यंत्रावर ठेवतात आणि घाईत ते तिथेच राहतं. काही गाड्यांत झाकणाच्या आतल्या अंगाला खाच असते, बूच तिच्यात उभं बसतं. ही खाच ज्याने दिली, तो कधीतरी पंपावर उभा राहिलेला असणार.

असा विचार करणारी माणसं असतात, हेही सांगायला हवं. फोर्डमधले अभियंते जिम मॉयलन १९८६ साली पावसात पेट्रोल भरायला गेले, गाडी भलत्या बाजूने लागली आणि ते भिजले. परत येऊन त्यांनी एक टिपण लिहिलं, की इंधनाच्या काट्याशेजारी टाकीची बाजू दाखवणारा बाण द्यावा. १९८९च्या मॉडेलांपासून तो बाण आला आणि आज बहुतेक गाड्यांत दिसतो. पंपाच्या चित्रातली नळी ज्या बाजूला, त्या बाजूला टाकी, असं बरेचजण सांगतात. ते खात्रीचं नाही, बाण तेवढा बघायचा.

आता तुम्ही लिहा. मोटार, स्कूटर, ट्रॅक्टर, काहीही चालेल. कंपनीचं नाव नको, रचना काय आहे ते मात्र नीट सांगा.

पुणे

बाण दिसतो हो, पण उपयोग किती? आमच्या जवळच्या पंपावर संध्याकाळी डाव्या बाजूच्या टाक्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते आणि उजवीकडची मोकळी असते. कारण आपल्याकडच्या जपानी वळणाच्या बऱ्याच गाड्यांची टाकी डावीकडे, आणि युरोपीय वळणाच्या बऱ्याच गाड्यांची उजवीकडे. पाइप पलीकडच्या बाजूला सहज पोचतो, तरी ‘गाडी फिरवून आणा’ हे ठरलेलं.

आमच्या घरी दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत, त्यामुळे फरक चांगला जाणवतो. टाकी उजवीकडे असली की चालकाला बसल्याजागी मीटरवरचा झिरो दिसतो, आरशात बूच दिसतं, बोलता येतं. डावीकडे असली तर उतरून मागून वळसा घालावा लागतो, किंवा ‘झिरो बघा’ म्हटल्यावर मान ताणून होकार द्यायचा. डाव्या टाकीचाही फायदा आहे. रस्त्यात इंधन संपलं आणि कॅनने ओतायची वेळ आली, तर माणूस रहदारीकडे पाठ करून उभा राहत नाही, कडेला सुरक्षित असतो. मला तरी रोजच्या व्यवहारात उजवी बाजू बरी वाटते.

रत्नागिरी

आमच्याकडे प्रश्न पावसाचा. झाकण उघडल्यावर बुचाभोवती जी खोलगट वाटी दिसते, तिच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोक असतं. लाल माती, वाळलेली पानं, कधी कुंभारमाशीचं घर, यांनी ते बुजतं. मग जुलैत झाकण उघडलं की वाटीत पाणी साठलेलं. त्याच वेळी पंपावरच्या मुलाने बूच काढलं तर चमचाभर पाणी सरळ टाकीत.

पूर्वी एवढं मनावर घेत नव्हतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल थोडं पाणी सामावून घेतं, पण प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होऊन तळाला बसतं, आणि टाकीतला पंप इंधन उचलतो तळातूनच. गाडी झटके खात बंद पडते. मे महिन्यात वाडवणीची, म्हणजे खराट्याची, हीर घेऊन ते भोक मोकळं करायचं, वरून तांब्याभर पाणी सोडून खाली चाकाजवळ निघतं का पाहायचं. अर्थात बूच घट्ट लावून. मोटारसायकलवाल्यांनी तर हे करायलाच हवं, कारण टाकीच्या वर बसणाऱ्या चपट्या झाकणांनाही असाच निचऱ्याचा मार्ग असतो आणि तिथे पाऊस थेट पडतो.

नागपूर

स्कूटरबद्दल कुणी लिहिलंच नाही, म्हणून लिहिते. माझ्या आधीच्या स्कूटरला टाकीचं तोंड सीटखाली होतं. म्हणजे पंपावर गाडी बंद करा, मुलाला उतरवा, पायाशी ठेवलेली भाजीची पिशवी काढा, सीटवरचं दप्तर खांद्याला लावा, किल्ली काढून सीट उघडा, मग बूच फिरवा. मागे सगळे हॉर्न वाजवत असतात. साडी नेसलेल्या बाईला किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे दर आठवड्याला करायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. सीटखालच्या डिकीत डबा आणि कागदपत्रं असतात, नोझलमधून गळलेले दोन थेंब त्यावर पडले की पेट्रोलचा वास दिवसभर ऑफिसात सोबत.

टीव्हीएस ज्युपिटरला २०१३ मध्येच तोंड बाहेर, मागच्या दिव्याजवळ होतं. अ‍ॅक्टिव्हा सिक्स-जी २०२० साली आली तेव्हा तिलाही बाहेरचं झाकण मिळालं. आता माझ्याकडे बाहेरच्या झाकणाची गाडी आहे. सीट उघडावी लागत नाही, डबा डिकीत शांत बसतो. ही सोय सुरुवातीपासूनच सगळ्यांना का दिली नाही, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

सांगली जिल्हा

ट्रॅक्टरचं बूच. त्यात हवा आत जायला बारीक छिद्र असतं, कारण डिझेल खाली जाईल तशी वरून हवा यायला पाहिजे. नांगरटीच्या दिवसात धूळ आणि डिझेलचा चिकटा मिळून ते छिद्र लिंपतं. मग ट्रॅक्टर तासभर बरा चालतो आणि चढाला दम सोडतो. फिल्टर बदलला, पंप तपासला, तरी तेच. शेजारच्या काकांनी बूच सैल करायला सांगितलं. फुस्स आवाज झाला आणि इंजिन पूर्ववत. बूच डिझेलमध्ये धुतलं, छिद्र तारेने मोकळं केलं, खर्च शून्य.

आणखी एक. बूच काढण्याआधी भोवतालची धूळ फडक्याने पुसा. बऱ्याच ट्रॅक्टरांत टाकीचं तोंड बॉनेटवर असतं, तिथली माती हमखास आत जाते.

न्यू जर्सी

इथली गंमत अशी की अख्ख्या अमेरिकेत माणसं स्वतः पेट्रोल भरतात, पण न्यू जर्सीत १९४९ पासूनच्या कायद्यानुसार पंपावरचा माणूसच भरतो. त्यामुळे धागा सुरू करणाऱ्यांचं म्हणणं मला लगेच पटलं. भरणारा वेगळा आणि चालवणारा वेगळा, आणि बूच पुरतं फिरवलं गेलं की नाही हे दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला की कळतं.

१९९६ पासून इथल्या गाड्यांत टाकीतून वाफ गळते का, हे गाडी स्वतः तपासते. बूच सैल असलं तर ती गळती समजते. त्यासाठी पी-०४५७ असा वेगळा कोडच ठरलेला आहे. आई-बाबा आले होते तेव्हा हा दिवा लागला आणि बाबा गाडीत बसायलाच तयार नव्हते. बूच ‘टक’ आवाज येईपर्यंत फिरवलं, तरी दिवा लगेच गेला नाही. गाडीची तपासणी पुन्हा पुरी व्हावी लागते, त्याला काही दिवस जातात. बूच सैल असेल तर साध्या शब्दांत तसं सांगणाऱ्या गाड्या आता आहेत, पण आमची नुसता दिवा लावते. इंजिन बिघडण्याचा आणि बूच सैल असण्याचा दिवा एकच ठेवणं मला चुकीचं वाटतं. मैत्रिणीच्या गाडीला बूचच नाही. नोझल घातलं की आतली झडप उघडते, काढलं की मिटते. आमच्यासारख्यांना तेच सोयीचं.

मुंबई, टॅक्सी

सीएनजीचं कुणी बोलत नाही. बाहेरून बसवलेल्या किटचं तोंड बॉनेटखाली असतं. प्रत्येक वेळी पॅसेंजर उतरवा, बॉनेट उघडा, तापलेल्या इंजिनावर वाकून तो मुलगा नोझल लावणार. तोंडावरचा रबरी दट्ट्या हरवला की धूळ आत, मग सील गळायला लागतं. २०० बारच्या दाबाला हा खेळ नाही. कंपनीतून येणाऱ्या बऱ्याच नव्या गाड्यांत पेट्रोलचं आणि गॅसचं, दोन्ही तोंडं मागे एकाच झाकणाखाली आहेत. टाटाच्या सीएनजी गाड्यांत झाकण उघडलं की इंजिन बंद ठेवणारा स्विच आहे, तो मला फार आवडला. ड्रायव्हरच्या लक्षात राहण्यावर सोडलेलं नाही.

नाशिक

माझी डिझेल गाडी. बाहेरून हुबेहूब पेट्रोल गाडीसारखीच. मी ‘डिझेल’ म्हणून सांगितलं होतं, पण रांगेत मधेच पंपावरचा मुलगा बदलला आणि नव्याने पेट्रोलचं नोझल घातलं. मी उतरून शेजारी उभा होतो म्हणून दिसलं. चावी लावली नाही, गाडी ढकलत बाजूला घेतली, टाकी उतरवून रिकामी करून घेतली. इंजिन वाचलं.

डिझेलचं नोझल जाड असल्याने पेट्रोल गाडीच्या अरुंद तोंडात सहसा जात नाही. पण पेट्रोलचं बारीक नोझल डिझेलच्या तोंडात आरामात शिरतं, म्हणजे धोका डिझेलवाल्यालाच. बारीक नोझल नाकारणारी झडप काही गाड्यांत असते, ती सगळ्या डिझेल गाड्यांना सक्तीची करायला हवी. तोवर झाकणावर बाहेरून, ठळक, मराठीत ‘डिझेल’ लिहून घ्या. आतल्या बाजूचा स्टिकर कामाचा नाही, झाकण उघडेपर्यंत त्याच्या हातात नोझल आलेलं असतं.

म्हापसा, गोवा

आमच्या काळ्या पाटीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः चालवायच्या, भाड्याच्या गाड्या आहेत. गिऱ्हाइकाचा पहिला फोन बहुतेक पंपावरूनच येतो, ‘टाकी उघडत नाही’. एका गाडीत खटका सीटच्या डाव्या कडेला, दुसरीत दाराखाली, तिसरीत खटकाच नाही, सगळी दारं अनलॉक करून झाकण बाहेरून दाबायचं. आता चावी देताना झाकण उघडून दाखवल्याशिवाय गाडी सोडत नाही.

कोल्हापूर, गॅरेज

आमच्याकडे येणारी नेहमीची तक्रार म्हणजे खटका ओढला तरी झाकण उघडत नाही. बहुतेक वेळा केबल तुटलेली नसते, झाकण बाहेर ढकलणारी पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पट्टी मऊ पडलेली असते. एकाने आत खटका ओढून धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून झाकण हलकेच ओढायचं. स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, रंग उडतो आणि झाकण वाकतं. केबल खरंच तुटली असेल तर बऱ्याच गाड्यांत डिकीच्या आत टाकीच्या बाजूला अस्तर सरकवलं की केबलचं टोक किंवा ओढायची दोरी मिळते. पट्टी स्वस्तात येते, बदलून घ्या. बिजागरीला सिलिकॉनचा फवारा मारा. ग्रीस मात्र लावू नका, धूळ धरतं.