समुद्राच्या पाण्यात सांडपाणी मिसळून आरओ : शहाणपणा की जुगाड?

ऑरेंजसिटीकर :
आपल्या नागपुरात भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. १३० दशलक्ष लिटर रोजची क्षमता! मग किनाऱ्यावरच्या शहरांनी आरओने (म्हणजे पंपाच्या दाबाने पाणी मेम्ब्रेन नावाच्या अतिबारीक पडद्यातून ढकलून क्षार मागे ठेवत) नुसतं समुद्राचं पाणी गोडं करायला एवढी वीज का जाळावी? लिटरला ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे ऑस्मोटिक दाबच (खारटपणामुळे उलटा येणारा दाब, पंपाला आधी त्यावर मात करावी लागते) २७ बारच्या आसपास. म्हणून पंप ५५ ते ७० बारचा. सांडपाणी मिसळून खारटपणा निम्म्यावर आणला तर दाबही बराच उतरतो. जपानच्या किताक्यूशूत सांडपाण्याच्या आरओचं रिजेक्ट (गोडं पाणी निघाल्यावर उरलेलं घट्ट पाणी) समुद्राच्या पाण्यात मिसळून पुढच्या आरओला दिलं. माझं मत : यापुढे नुसत्या समुद्री प्रकल्पाला मंजुरीच नको.

बुटीबोरीवाला :
काहून भाऊ, गोडं पाणी खारं करून पुन्हा गोडं? शुद्ध केलेल्या सांडपाण्यात क्षार मुळातच कमी, त्याचं सरळ आरओ करा, समुद्राच्या तुलनेत अगदी थोड्या दाबावर निघतं. चेन्नईने तेच केलं. कोयंबेडू आणि कोडुंगैयूरला ४५-४५ दशलक्ष लिटरचे प्रकल्प कारखान्यांसाठी, आणि मिंजूरचा समुद्री प्रकल्प वेगळा.

ऑरेंजसिटीकर :
म्हणूनच रिजेक्ट म्हणालो. ते नाहीतरी समुद्रातच सोडणार ना?

बुटीबोरीवाला :
रिजेक्टात नुसते क्षार नसतात. सेंद्रिय घाण, फॉस्फेट, सगळं एकवटलेलं. मेम्ब्रेनवर जिवाणूंचा थर चढला की सीआयपी (रसायनांनी मेम्ब्रेन जागच्या जागी धुणं) करत बसा, विजेत वाचलेलं रसायनांत गेलं. आमच्याकडे यूएफ (आरओच्या आधीची बारीक गाळणी) जरा बिघडलं तरी पुढच्या आरओचा दाब चढायला लागतो. आणि आम्हाला रिजेक्ट ओतायला समुद्रही नाही. एमईईत (वाफेवर पाणी आटवणाऱ्या यंत्रात) उकळतो, उरलेलं मीठ पोत्यात भरतो. त्या वाफेचं बिल बघा एकदा.

प्रयोगशाळेतली ताई :
दोघंही पाणी मिसळण्यावरच भांडताय. फॉरवर्ड ऑस्मोसिसमध्ये मिसळावं लागत नाही. मेम्ब्रेनच्या एका बाजूला सांडपाणी, दुसऱ्या बाजूला समुद्राचं; पाणी आपणहून खाऱ्याकडे जातं, घाण बरीचशी मागे राहते. पण वेग मंद, त्यामुळे मेम्ब्रेनचं क्षेत्रफळ भरपूर लागतं आणि थोडं मीठ उलटं सांडपाण्यात झिरपतं. शिवाय एनडीएमएसारखे (कर्करोगाचा धोका असलेलं एक रसायन) लहान रेणू आरओतूनही काही प्रमाणात निसटतात. कूलिंग टॉवरला चालेल. पिण्यासाठी मी तरी नाही म्हणेन.

ऑरेंजसिटीकर :
पिण्यासाठी कोण म्हणतंय, ताई? किनाऱ्यावर रिफायनऱ्या आणि वीजकेंद्रं काय कमी आहेत?

बुटीबोरीवाला :
मग त्यांना शहराचं सांडपाणीच द्या ना, कोराडीसारखं. समुद्र मधे आणलाच कशाला?