‘डिबल’ म्हणजे पोलीस? अर्थ आणि वापर

टोपणनाव : मँचेस्टरमध्ये घडणाऱ्या एका इंग्रजी मालिकेची मराठी सबटायटल्स करतेय. त्यात गल्लीतली पोरं ‘डिबल आले!’ असं ओरडून पळतात. शब्दकोशात डिबल म्हणजे बी टोकायची अणकुचीदार काठी. भुईमुगाच्या टोकणीचा इथे काय संबंध?

जुनाखोंड : काठी सोडा, हे आडनाव आहे. हॅना-बार्बेराच्या ‘टॉप कॅट’ या कार्टून मालिकेतला ऑफिसर डिबल. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर २७ सप्टेंबर १९६१ला सुरू झाली आणि एप्रिल १९६२मध्ये गाशा गुंडाळला. अवघे ३० भाग. मॅनहॅटनमधली गल्ली, कचऱ्याच्या डब्यात राहणारा टीसी नावाचा बोका, हाताखाली पाच मांजरांची टोळी. हाती घेतलेली प्रत्येक भानगड झटपट पैशाची आणि शेवटी अंगाशी येणारी. खांबावरचा पोलीस खात्याचा फोन हा बोका बापाचा माल असल्यासारखा वापरतो आणि डिबल ‘ठेव तो फोन’ म्हणून कावतो. डिबल दुष्ट मुळीच नाही, नुसता गांजलेला. म्हणूनच नाव चिकटलं असावं.

टोपणनाव : पण मालिका अमेरिकन आणि शब्द मँचेस्टरचा?

जुनाखोंड : बीबीसीने ती १९६२मध्येच आणली आणि पुढे वर्षानुवर्षं परत परत दाखवली. तिथे ‘टॉप कॅट’ नावाचं मांजरांचं खाद्य विकलं जायचं. बीबीसीवर जाहिरात चालत नाही, म्हणून नाव केलं ‘बॉस कॅट’. गंमत म्हणजे फक्त पाटी बदलली. शीर्षकगीतात ‘टॉप कॅट’ तसंच राहिलं!

हिंगजिरा : मेक्सिकोत तर ही मालिका घरची झाली. तिथे बोका ‘डॉन गातो’ आणि हवालदार ‘मातूते’. स्पॅनिशमध्ये मातूते म्हणजे चोरटा माल, पोलिसाला हे नाव! टोळीतल्या चू-चू या मांजराला त्यांनी युकातान भागातला हेल दिला. २०११मध्ये मेक्सिकोत यावर चित्रपटही निघाला. मायदेशी एका हंगामात आटोपलेल्या मालिकेचं नशीब बघा.

रस्त्यावरचा : मग सरळ ‘मामा’ लिहा की. सिग्नलवर आपण तेच म्हणतो.

जुनाखोंड : असहमत. मामा तोंडावर म्हणता येतं. ‘मामा, जाऊ द्या ना’ म्हणताना पावती वाचवायची असते, शब्दात लाडीगोडी आहे. डिबल पाठीमागे म्हणतात, त्यात टिंगल आहे. आपल्याकडे त्याला जवळचा ‘पांडू’. तोही मुळात एखाद्याचं नाव असून सगळ्या खात्याला लागलेला.

रस्त्यावरचा : पांडू एकट्यादुकट्या हवालदाराला. इन्स्पेक्टरला कोणी पांडू म्हणत नाही.

जुनाखोंड : हा मुद्दा खरा. आणि डिबल समूहवाचकही चालतो, गाडीभर पोलीस आले तरी ‘डिबल’च, अनेकवचनाचा प्रत्यय लावत नाहीत.

टोपणनाव : या प्रसंगात गस्तीवरचे दोघे शिपाईच आहेत. ‘पांडू आले रे, पळा!’ असं टाकते. पुढच्या भागात मोठा साहेब येतो, तिथे नुसतं ‘पोलीस’.

हिंगजिरा : ‘पांडू आले’ की ‘पांडू आला’? दोघे आहेत म्हणून विचारतोय.

टोपणनाव : ‘आले’. आदरार्थी नव्हे, अनेकवचनी!