मॅटी रॉसचा न्याय
वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेकडच्या कादंबऱ्यांत न्याय म्हणजे केवळ बंदुकीचा निवाडा, असे म्हटले जाते; हे मत मला पटत नाही. अमेरिकन लेखक चार्ल्स पोर्टिस यांच्या 'ट्रू ग्रिट' (१९६८) या कादंबरीतील १४ वर्षांची मॅटी रॉस वडिलांच्या खुन्याला शासन घडवण्यासाठी फोर्ट स्मिथ या शहरात येते, तेव्हा तिचे पहिले शस्त्र असते वकिलाचे नाव आणि दावा ठोकण्याची धमकी. त्या बळावर ती घोड्यांच्या कसलेल्या व्यापाऱ्याकडून पैसे वसूल करते. तो प्रसंग मी कितीदा वाचला असेल! जगण्याची किंमतही लेखक लपवत नाही. सर्पदंशानंतर तिला वाचवण्यासाठी तिचा लाडका ब्लॅकी घोडा ऊर फुटेस्तोवर धावून कोसळतो आणि तिचा हात अखेर कापावाच लागतो. म्हातारपणी हे सारे सांगताना ती कुठेही कणव मागत नाही.