इंटेल आणि एएमडी : विश्लेषकांचे माप एकच आहे का?

प्रश्न (लातूर)
मी आडत दुकानात हिशेब पाहतो आणि थोडी रक्कम अमेरिकी शेअरमध्ये गुंतवतो. इंटेल आणि एएमडी या संगणकाच्या चिपा विकणाऱ्या दोन कंपन्यांवरचे शेअर विश्लेषकांचे जुने अहवाल सलग वाचताना एक गोष्ट खटकली. इंटेलची 10 नॅनोमीटरची (हा आकडा जितका लहान, तितके चिप बनवण्याचे तंत्र नवे) चिप 2016 च्या सुमारास अपेक्षित होती, पण ती मोठ्या प्रमाणावर बाजारात यायला 2019 उजाडले. तरीही मी वाचलेल्या अहवालांत तो विलंब ‘तात्पुरता’ ठरतो आणि एएमडीला एक तिमाही उशीर झाला की ती ‘जुनी खोड’ होते. आमच्याकडे ओळखीच्या शेतकऱ्याच्या सोयाबीनचा 13 टक्के ओलावा चालून जातो, पण परक्याच्या त्याच 13 टक्क्यांना कडता, म्हणजे कपात, लागतो. हा त्यातलाच प्रकार समजावा का?

उत्तर 1 (नांदेड)
पूर्णपणे नाही. 2009 मध्ये एएमडीने आपले कारखाने वेगळ्या कंपनीत काढले, 2015 मध्ये तिला 66 कोटी डॉलरचा तोटा झाला आणि शेअर दोन डॉलरखाली गेला. त्या काळात इंटेलचे ग्रॉस मार्जिन (विक्रीतून उत्पादनखर्च वजा जाता उरणारा वाटा) 60 टक्क्यांच्या आसपास होते. अशा दोघांचा विलंब सारखा धरणे हाच उलट अन्याय झाला असता. चूक पुढे झाली. 2017 मध्ये एएमडीचे रायझन हे नवे प्रोसेसर आले, 2019 पासून एएमडीच्या चिपा इतरांसाठी चिपा बनवणाऱ्या तैवानच्या टीएसएमसी कंपनीकडे 7 नॅनोमीटरवर बनू लागल्या, म्हणजे इंटेलचे स्वतःचे कारखाने ही जमेची बाजू राहिली की ओझे झाले, हे तेव्हाच नव्याने तपासायला हवे होते. पण विश्लेषकाची एक्सेल फाइल दर तिमाहीला कोऱ्या पानावर सुरू होत नाही. जुन्या गृहीतकांवरच नवे आकडे चढतात. जुलै 2020 मध्ये इंटेलने 7 नॅनोमीटरलाही उशीर होणार असल्याचे सांगितले आणि शेअर एका दिवसात सुमारे 16 टक्के पडला, तेव्हा कुठे अनेकांची गृहीतके हलली.

उत्तर 2 (छत्रपती संभाजीनगर)
पोटापाण्याचा भागही विसरू नये. सगळ्यांबरोबर चुकलेल्या विश्लेषकाची नोकरी टिकते, एकट्याने चुकलेल्याची जाते. शिवाय कंपनीच्या व्यवस्थापनाशी बोलणे बंद झालेले त्याला परवडत नाही. कंपन्यांकडून बँकिंगचा धंदा मिळावा म्हणून त्यांच्यावरचे संशोधन वाकवल्याच्या आरोपांवरून 2003 मध्ये अमेरिकेत दहा मोठ्या वित्तसंस्थांना सुमारे 140 कोटी डॉलर मोजावे लागले होते. आपल्याकडे सेबी या शेअर बाजार नियामकाच्या 2014 च्या नियमांनुसार विश्लेषकाला हितसंबंध जाहीर करावे लागतात, म्हणून मी अहवाल शेवटच्या पानापासून वाचतो. सवयीने आलेला कल मात्र तिथेही छापलेला नसतो.

उत्तर 3 (परभणी)
पुढे वारे उलटले. 2022 मध्ये एएमडीचे बाजारमूल्य इंटेलच्या पुढे गेले आणि त्यानंतर विश्लेषकांना इंटेलचे काहीच धड दिसेनासे झाले. हाही पूर्वग्रहच, फक्त कूस बदललेला.

प्रश्नकर्ता (लातूर)
काल रात्री दोन जुन्या अहवालांतली कंपन्यांची आणि चिपांची नावे कागदाच्या पट्ट्या चिकटवून झाकली आणि ते पुतण्याला वाचायला दिले. ‘तात्पुरता’ या एका शब्दावरून त्याने इंटेल ओळखली.